हंबनटोटा चीनने हडपलं म्हणतात, पण नेमका कोणता हप्ता थकला होता?

पेणचा_पोऱ्या

मंडळी, थोडं लाजिरवाणं आहे पण सांगतो. राज्यसेवेच्या तयारीसाठी एका क्लासमध्ये मॉक इंटरव्ह्यू दिला, शेजारी देशांचा विषय निघाला आणि मी एकदम फॉर्मात येऊन ठोकून दिलं की श्रीलंकेला चीनचे हप्ते फेडता आले नाहीत म्हणून चीनने हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी ताब्यात घेतलं, याला कर्जाचा सापळा म्हणतात वगैरे वगैरे. पॅनेलवरचे एक वयस्कर सर शांतपणे म्हणाले, "बरं, मग कोणत्या कर्जाचा कोणता हप्ता थकला होता?" बोलतीच बंद झाली माझी. पाणी प्यायलो आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसलो.

घरी येऊन शोधलं तर अर्ध्या ठिकाणी मी म्हणालो तेच लिहिलंय आणि अर्ध्या ठिकाणी लिहिलंय की असं काही झालंच नाही, हा सगळा प्रचार आहे. आमचे मामा तर म्हणतात तिथे चीनचं नौदलच बसलंय, बोर्ड तेवढा बंदराचा लावलाय.

तर नक्की झालं काय? आणि बंदर जर तोट्यात होतं तर चिनी कंपनीने ११२ कोटी डॉलर मोजून ते घेतलं कशाला? आणि आपल्याला खरंच किती टेन्शन घ्यायचं? इथे जहाजावरचे आणि बँकेतले लोक आहेत म्हणून विचारतोय, यूट्यूबच्या लिंका नकोत प्लीज, त्या सगळ्या बघून झाल्यात.


कर्जखाते

पोऱ्या, त्या सरांना माझा नमस्कार सांग. उत्तर एका शब्दात आहे: कोणताच नाही. बंदर लीजवर दिलं जुलै २०१७ मध्ये आणि श्रीलंकेने परदेशी कर्जाच्या बाबतीत हात वर केले एप्रिल २०२२ मध्ये. २०१७ साली ते सगळ्यांचे हप्ते भरत होते, चीनचेही.

आता जरा सविस्तर, रिटायर माणूस आहे, वेळच वेळ आहे. आयुष्य प्रोजेक्ट लोनच्या फायली चाळण्यात गेलं त्यामुळे मला हा किस्सा फाईलसारखाच दिसतो. पहिली गोष्ट म्हणजे हंबनटोटाला बंदर बांधा ही आयडिया चीनची नव्हेच. २००३ मध्ये कॅनडाच्या एसएनसी-लॅव्हलिनने त्याचा अभ्यास केला होता, २००६ मध्ये डेन्मार्कच्या रॅम्बोलने पुन्हा केला. रॅम्बोलचं म्हणणं असं की आधी कंटेनरच्या मागे लागू नका, गाड्या वगैरे सुटा माल हाताळा, चार पैसे सुटू द्या मग पुढचा टप्पा बांधा. महिंदा राजपक्षे त्याच जिल्ह्यातले, २००५ ला अध्यक्ष झाले, त्यांना आपल्या गावात बंदर, विमानतळ, क्रिकेटचं स्टेडियम सगळं हवं होतं (आणि सगळं झालंही, विमानतळावर विमानं मोजकीच हा भाग वेगळा). आधी भारताला विचारलं होतं असं ते जाहीरपणे म्हणालेत. आपण रस दाखवला नाही, चीनच्या एक्झिम बँकेने दाखवला.

पहिला टप्पा ३६.१ कोटी डॉलरचा. त्यातले ८५ टक्के, म्हणजे ३०.७ कोटी, एक्झिम बँकेचे, १५ वर्षांच्या मुदतीने, ६.३ टक्के फिक्स्ड व्याजाने. लोक म्हणतात बघा केवढं व्याज लावलं! अरे पण त्याच सुमारास, २००७ मध्ये, श्रीलंकेने आंतरराष्ट्रीय बाजारात पहिल्यांदा ५० कोटी डॉलरचे बाँड काढले त्यावर ८.२५ टक्के द्यावे लागले, तेही फक्त पाच वर्षांसाठी. त्यांना फ्लोटिंगचाही पर्याय होता, लायबॉरला (लंडनच्या बँकांचा आपसातला व्याजदर) जोडलेला, पण लायबॉर तेव्हा ५ च्या वर आणि चढता होता म्हणून त्यांनी फिक्स्ड घेतलं, आणि मग जगभर मंदी आली आणि लायबॉर आपटला. आमच्या ब्रँचमध्ये होमलोनवाले असेच फिक्स्ड घेऊन दोन वर्षांनी काउंटरवर भांडायला यायचे, "साहेब, शेजाऱ्याला कमी लागतंय." शेजाऱ्याला कमी लागतंय म्हणून आम्ही तुमच्या घरात घुसलो असं काही होत नसतं.

खरा घोळ पुढे झाला. बंदराचं उद्घाटन नोव्हेंबर २०१० मध्ये, राजपक्ष्यांच्या वाढदिवसाच्या मुहूर्तावर. पहिला टप्पा कमवायला लागायच्या आतच २०१२ मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी ७५.७ कोटी डॉलर उचलले. हे २ टक्क्यांनी मिळाले, स्वस्त, पण स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं कर्ज सगळ्यात वाईट असतं हे मी किती कारखानदारांना सांगून थकलो. त्या वर्षी हंबनटोटाला सगळी मिळून ३४ जहाजं लागली. कोलंबोला साडेतीन हजारांवर.

मग २०१५ ला सरकार बदललं, सिरिसेना आणि विक्रमसिंघे आले, त्यांनी तिजोरी उघडून बघितली तर आत रोखे आणि हप्त्यांची चळत. २०१७ या एका वर्षात साधारण ४५५ कोटी डॉलर फेडायचे होते आणि त्यातला हंबनटोटाचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास, बाकी बराचसा भार बाजारातून उचललेल्या रोख्यांचा, म्हणजे न्यूयॉर्क-लंडनच्या फंडांचा. डॉलर हवे होते. विकण्यासारखं काय आहे तर हे रिकामं बंदर. चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीने ८५ टक्के हिस्सा घेतला ११२ कोटी डॉलरला.

आणि आता नीट वाच, कारण इथेच सगळे घसरतात. हे ११२ कोटी एक्झिम बँकेचं कर्ज फेडायला गेले नाहीत. ते श्रीलंकेच्या गंगाजळीत गेले. बंदराचं कर्ज जसंच्या तसं सरकारच्या डोक्यावर राहिलं. म्हणजे सावकाराने थकबाकीपोटी सातबारा आपल्या नावावर करून घेतला अशी ही गोष्ट नाहीच. ही गोष्ट अशी की मळा सावकाराच्या चुलतभावाला ९९ वर्षांच्या खंडाने दिला, खंडाचे पैसे एकदम उचलले, त्यातून गावातल्या भलत्याच पतपेढ्यांची देणी भागवली, आणि मळ्यात विहीर खणायला काढलेलं सावकाराचं कर्ज आहे तिथेच आहे.

मामांना हे फोनवर सांगू नकोस, समोर बसून सांग.


बाणेदार

काका फाईल वाचून दाखवलीत छान, पण एवढ्या सगळ्यातून निष्पन्न काय तर चीन साधुसंत! सावकार काय आणि सावकाराचा चुलतभाऊ काय, एक्झिम बँक सरकारी, चायना मर्चंट्स सरकारी, बांधणारी चायना हार्बर पण सरकारी. एकाच घराचे तीन दरवाजे आहेत हो.

आणि कागदावर काय लिहिलंय ते सोडा. २०२२ मध्ये लंका बुडाली तेव्हा पेट्रोल, औषधं, क्रेडिट लाईन मिळून जवळपास ४०० कोटी डॉलरची मदत आपण केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युआन वांग ५ हंबनटोटाला येऊन उभं राहिलं, उपग्रह आणि क्षेपणास्त्रं ट्रॅक करणारं जहाज, एवढाल्या तबकड्या घेऊन. आपण विरोध केला, लंकेने आधी परवानगी दिली, मग थांबा म्हणाले, मग पुन्हा दिली. १६ ऑगस्टला लागलंच ना? मग हप्ता थकला होता का नव्हता यावर पीएचडी करून काय उपयोग.


डेकवरून

बाणेदार भाऊ, राग बरोबर आहे पण जहाज कशामुळे लागलं ते बघायला हवं, त्यासाठी आधी ते बंदर कसं आहे ते सांगतो. मी गुहागरचा, कार कॅरियरवर सेकंड मेट आहे, हंबनटोटाला दोनदा जाऊन आलोय. (कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.)

लंकेच्या दक्षिण टोकाला दोंद्रा हेड म्हणून दीपगृह आहे, त्याच्या खालून पूर्व-पश्चिम सगळा ट्रॅफिक जातो, सुएझकडून मलाक्काकडे आणि उलट. रात्री वॉचला असलो की रडारवर मुंग्यांची रांग दिसते अक्षरशः, टँकर, कंटेनर, बल्क, एकामागे एक. या रांगेपासून हंबनटोटा साधारण १० सागरी मैलांवर, म्हणजे हायवेवरून दिसणाऱ्या ढाब्याइतकं जवळ. पण ढाबा जवळ असला म्हणून प्रत्येक ट्रक थांबतो का? बहुतेक जहाजांना तिथे काही काम नसतं, ती सरळ निघून जातात.

आत शिरताना मजा वाटते कारण ते बंदर किनाऱ्यावर नाही, जमीन खणून आत नेलंय. दोन ब्रेकवॉटरच्या मधून आत गेलो की थोड्या वेळाने समुद्र मागे राहतो आणि दोन्ही बाजूंना लाल माती आणि झुडपं. पहाटे लागलो तेव्हा मोराचा आवाज ऐकू आला, ब्रिजवर मोर ऐकायची माझी पहिलीच वेळ, माझा एबी (खलाशी) केरळचा, तो म्हणाला सर हे बंदर आहे का अभयारण्य. रॅम्प टाकला की गाड्या चालवणाऱ्यांची गँग येते, एकेक गाडी खाली यार्डात रांगेत लावायची, मग सगळे एका व्हॅनमध्ये कोंबून परत वर, पुन्हा पुढच्या गाड्या, दिवसभर हेच. पहिल्या खेपेला आम्ही चेन्नईकडून आणलेल्या गाड्या तिथे उतरवल्या, त्या पुढे दुसऱ्या जहाजाने आफ्रिकेला जाणार होत्या. म्हणजे आपल्याच देशात बनलेल्या गाड्या, चिनी कंपनीच्या यार्डात, लंकेचे ड्रायव्हर लावतायत. काकांनी वर रॅम्बोलचं लिहिलंय ना की आधी गाड्यांचा माल घ्या, ते वाचून हसूच आलं, कारण आज तिथे मोठा धंदा त्याचाच आहे. फक्त तो करायला चालवणारा बदलावा लागला.

मामांचं नौदल मला काही दिसलं नाही. पायलट (जहाज बंदरात आणणारा वाटाड्या) लंकेचा, कस्टम लंकेचं, गेटवर लंकेच्या नेव्हीचे लोक. करारातच आहे की सुरक्षा लंकेच्या हातात राहील, आणि २०१८ मध्ये त्यांनी आपल्या नौदलाची दक्षिण कमांड तिथे हलवायचं जाहीर केलं, मुख्यतः आपल्याला बरं वाटावं म्हणून. चिनी माणूस मी एकच बघितला, हेल्मेट घालून यार्डात फोनवर बोलत उभा होता, गाड्या बांधायच्या साखळ्या कुठे ठेवायच्या यावरून आमच्या बोसनशी (खलाशांच्या मुकादमाशी) हुज्जत घालून गेला.

आता युआन वांग. ते का आलं, तर कागदोपत्री सामान आणि इंधन भरायला, सहा दिवस थांबून २२ तारखेला गेलं. लंकेने अटी घातल्या की आमच्या हद्दीत संशोधन करायचं नाही आणि एआयएस (जहाज कुठे आहे ते सगळ्यांना दाखवणारी यंत्रणा) चालू ठेवायचं. पण मुद्दा असा की अशा जहाजाला लांबच्या समुद्रात महिनोन्‌महिने फिरायचं असेल तर लष्करी तळ लागतच नाही. पाणी, डिझेल, भाजीपाला, एखादा पंप बिघडला तर वर्कशॉप, आपल्या भाषेत बोलणारा एजंट, आणि धक्का मोकळा आहे का हे एका फोनवर सांगणारा मॅनेजर, एवढं पुरतं. हे सगळं साध्या व्यापारी बंदरात मिळतं, जर चालवणारा आपला असेल तर. परवानगी द्यायची का नाही ते सरकार ठरवतं हे खरं, पण धक्का, क्रेन, टग, इंधन तयार असलं की "नाही" म्हणायला सरकारला कारण शोधावं लागतं, आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष पळून गेलेला देश कुठून कारण शोधणार.

म्हणून मला वाटतं काका आणि बाणेदार दोघंही बरोबर आहात, फक्त भांडताय वेगवेगळ्या गोष्टींवर.


उरणची_सून

सगळे हंबनटोटाच घेऊन बसलेत! अहो कोलंबोकडे बघा की. मी फॉरवर्डिंगमध्ये (लोकांचा माल जहाजाने पाठवायची कामं) आहे, आता न्हावाशेवाची कामं बघते पण आधी चार वर्षं तुतिकोरिन-चेन्नईची डेस्क होती माझ्याकडे, त्यामुळे कोलंबो हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो.

आपल्या न्हावाशेवाहून मोठी जहाजं थेट लागतात म्हणून इथल्या लोकांना जाणवत नाही. पण दक्षिणेचा आणि पूर्व किनाऱ्याचा कितीतरी माल छोट्या फीडर जहाजाने कोलंबोला जातो आणि तिथून मोठ्या जहाजावर चढतो. कोलंबोच्या ट्रान्सशिपमेंटमध्ये निम्म्याहून जास्त माल भारताचाच असतो. आणि तिथलं सगळ्यात खोल, सगळ्यात मोठी जहाजं घेऊ शकणारं पहिलं टर्मिनल कोणाचं? सीआयसीटी, २०१३ ला सुरू झालं, ८५ टक्के चायना मर्चंट्स. तीच कंपनी जिने चार वर्षांनी हंबनटोटा घेतलं. इथे ना कुणी सापळा म्हणालं ना कुणी बोंब मारली, कारण हे टर्मिनल नफ्यात आहे आणि आपणच त्याचे गिऱ्हाईक आहोत.

एकदा माझ्या एका पार्टीचे सहा कंटेनर होजिअरीचे, तिरुपूरचा माल, फीडर उशिरा पोचला आणि मोठं जहाज निघून गेलं. पुढचं जहाज आठ दिवसांनी. पार्टी मला दर दोन तासांनी फोन करून विचारायची, "मॅडम, कुठंय माल?" आणि मी स्क्रीन रिफ्रेश करत बसायची, त्यावर फक्त "ट्रान्सशिपमेंट पोर्ट, डिस्चार्ज्ड" एवढंच. यात कुणी मुद्दाम काही केलेलं नव्हतं, जहाज चुकलं बस. पण त्या आठ दिवसांत डोक्यात आलं की त्या यार्डात बसलेल्या माणसाच्या स्क्रीनवर माझ्या कंटेनरबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे: कोणाचा, काय, कुठे, कधी. असे आपले लाखो बॉक्स. मला पाणबुडीपेक्षा याची जास्त काळजी वाटते.

आणि पाणबुडीही आलेलीच आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये, शी जिनपिंग कोलंबोला येण्याच्या तोंडावर, चिनी पाणबुडी कोलंबोत लागली आणि काही आठवड्यांनी पुन्हा आली, आणि ती लागली ते टर्मिनल हेच. हंबनटोटा तेव्हा लीजवर दिलेलंसुद्धा नव्हतं. म्हणजे ९९ वर्षं वगैरे सोडा, एका धंदेवाईक टर्मिनलच्या धक्क्याने काम भागलं.

आपल्याकडे आता हालचाल आहे. कोलंबोतच, त्या चिनी टर्मिनलजवळ, अदानींचं नवं टर्मिनल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं (५१ टक्के त्यांचं, ३४ टक्के तिथल्या जॉन कील्सचं, उरलेलं लंकेच्या पोर्ट अथॉरिटीचं), केरळात विळिंजम सुरू झालंय, आणि आपल्या पालघरला वाढवण, ७६,२२० कोटींचं. वाढवणबद्दल इथे लिहीत नाही, माझं माहेर डहाणूचं आहे आणि घरात मासेमारी आहे, तो वेगळा धागा होईल आणि तिथे मी बाणेदार भाऊंपेक्षा मोठ्याने ओरडेन.

जाता जाता एक. न्हावाशेवाला धक्क्यावर उभ्या असलेल्या मोठ्या क्रेन कधी नीट बघा, काहींवर झेडपीएमसी लिहिलेलं दिसेल. शांघायची कंपनी. जगात अशा क्रेनचा साधारण ७० टक्के धंदा त्यांचा.


पेणचा_पोऱ्या

ताई, क्रेनचं माहीतच नव्हतं. उरणला आत्या राहते, इतक्यांदा गेलोय, लांबून जिराफासारख्या दिसतात म्हणून फोटो काढलेत फक्त.

म्हणजे सापळा ही गोष्ट चुकीची पण धोका खोटा नाही, असं का? मग काका, माझा मधला प्रश्न राहिलाच. तोट्यातलं बंदर घेतलं कशाला? आणि सगळीकडे असंच आहे का, ग्वादर, जिबुती, ग्रीस वगैरे?


कर्जखाते

सांगतो. "चीनने पैसे गुंतवले" म्हणतो तेव्हा चीन म्हणजे एक खिसा असं आपण धरतो. बाणेदार म्हणतात तीन दरवाजे एकाच घराचे, मान्य, पण आत तीन चुली आहेत. एक्झिम बँकेला व्याज मिळतं. बांधणाऱ्या कंपनीला बिल मिळतं, आणि अशा कर्जात साधारणपणे पैसा कर्जदार देशात जातच नाही, बँक थेट कॉन्ट्रॅक्टरला देते, म्हणजे बीजिंगच्या एका खात्यातून बीजिंगच्याच दुसऱ्या खात्यात, कर्जाचा आकडा तेवढा कोलंबोच्या वहीत. हंबनटोटा बांधणाऱ्यांचा नफा बंदर चालो न चालो, बिलं पास झाली तेव्हाच सुटला. तिसरी चूल चालवणाऱ्याची. त्याच्याकडे पन्नास ठिकाणची टर्मिनलं असतात, आफ्रिकेच्या गाड्या कुठे उतरवायच्या हे तो शिपिंग कंपन्यांशी बोलून फिरवू शकतो. लंकेच्या पोर्ट अथॉरिटीला ते जमत नव्हतं. शिवाय ९९ वर्षं हातात आहेत, घाई कोणाला?

अमेरिकेतल्या एडडेटा या संशोधन संस्थेने मोजदाद केली होती, २००० ते २०२१ मध्ये चीनच्या सरकारी संस्थांनी ४६ गरीब आणि मध्यम देशांतल्या ७८ बंदरांसाठी २९९० कोटी डॉलर दिले. यात सगळे नमुने आहेत. पाकिस्तानचं ग्वादर घे. २०१३ पासून चिनी कंपनीकडे, ४० वर्षांसाठी, टर्मिनलच्या उत्पन्नातले ९१ टक्के त्यांना. उत्पन्न असेल तर ना! जहाजं मोजकीच, गावात प्यायच्या पाण्याची बोंब, २०२१ मध्ये मच्छीमार आणि बायका रस्त्यावर उतरल्या. तिथे धंद्याचं गणित लावूच नये. उलट ग्रीसचं पिरायस, चीनच्या सरकारी कोस्को कंपनीने २०१६ मध्ये २८ कोटी युरोला ५१ टक्के घेतले, पुढे ६७ केले, आणि ते बंदर खरोखर मोठं केलं, भूमध्य समुद्रातल्या पहिल्या काहींमध्ये नेलं. तिथे ना थकबाकी ना सापळा. पण जून २०१७ मध्ये युरोपीय संघ संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत चीनवर टीकेचं निवेदन करणार होता ते अडवलं ग्रीसने. बंदरामुळेच अडवलं असा कागद कुणी दाखवू शकणार नाही, पण तारखा बघ.

जिबुतीत मात्र मामा जिंकतात. चायना मर्चंट्सने २०१३ ला तिथल्या बंदरात २३.५ टक्के घेतले आणि २०१७ ला शेजारीच चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ उभा राहिला.

आणि म्यानमारचं विसरू नकोस, इंटरव्ह्यूत विचारतील. क्यौकप्यू बंदर ७३० कोटी डॉलरचं ठरलं होतं, २०१८ मध्ये म्यानमारने हंबनटोटाचं उदाहरण समोर ठेवून घासाघीस केली आणि पहिला टप्पा १३० कोटींवर आणला. म्हणजे छोटा देश वाकतोच असं नाही. घासाघीस करायला आपला स्वतःचा हिशेब पक्का लागतो, लंकेने तो कुणालाच करू दिला नाही.


बाणेदार

चला, जिबुतीवर तरी एकमत झालं 🙂 तीन चुली वगैरे मान्य, पण शेवटी तिन्ही चुलींवर एकाच पक्षाची कमिटी बसलेली असते हे पण लिहा. आणि चीनमध्ये २०१७ पासून कायदे आहेत की देशाच्या गुप्तचर कामाला प्रत्येक संस्थेने सहकार्य करायचं आणि वाहतूक कंपन्यांनी गरज पडली तर सैन्याला मदत करायची. उरणच्या ताईंची स्क्रीन आणि हे कायदे एकत्र ठेवा, मग सांगा मी उगाच ओरडतो का.

डेकवरून भाऊ, एक विचारायचं राहिलं, युद्ध झालं तर हंबनटोटा चीनच्या किती कामाचं?


डेकवरून

युद्धात? मला तर वाटतं फारसं नाही. नकाशा बघा, चीनपासून केवढं लांब आणि आपल्यापासून केवढं जवळ. उघड्यावरचं बंदर, आत जायला एकच वाट, ती बंद करायला किती वेळ लागेल हे नेव्हीवाले सांगतील, मी मर्चंटवाला. त्याचा उपयोग शांततेतच आहे, रोज येजा करायची, खोली मोजायची, पाण्याचं तापमान आणि क्षारता बघायची, हे सगळं पाणबुडीवाल्यांना लागतं. म्हणून तर २०२३ मध्ये शी यान ६ हे चिनी संशोधन जहाज कोलंबोत आल्यावर आपण एवढी ओरड केली आणि लंकेने २०२४ पासून वर्षभर सगळ्याच परदेशी संशोधन जहाजांना बंदी घातली. सगळ्याच, म्हणजे देश कोणताही असो. एका चीनला नाही म्हणायला जमेना म्हणून सगळ्यांना नाही. हसू नका, सोसायटीत पार्किंगवरून आपण पण हेच करतो.

परवा पुन्हा साईन ऑन करतोय, नेट मिळेल तसं बघतो धागा.


कर्जखाते

एक दुरुस्ती. वरती मी "८५ टक्के हिस्सा" असं सरसकट लिहिलंय, ते अर्धवट आहे. तिथे दोन कंपन्या काढल्या होत्या. बंदर चालवणाऱ्या मुख्य कंपनीत चायना मर्चंट्स ८५ आणि लंकेची पोर्ट अथॉरिटी १५. दुसरी, पायलट, टग, सुरक्षा वगैरे सामाईक कामं बघणारी, तिच्यात लंकेचे थेट ४२ टक्के आणि उरलेले पहिल्या कंपनीमार्फत, म्हणजे चायना मर्चंट्सचा वाटा निम्म्याच्या जरा खाली, ४९.३ टक्के. ते मुद्दाम तसं बसवलंय. डेकवरून यांना पायलट लंकेचा दिसला तो त्यामुळेच. दोन्ही एकत्र धरून सत्तर-तीस म्हणतात.

पोऱ्या, सरांनी पुन्हा विचारलं तर हे सत्तर-तीस सांग, आणि खरा इंटरव्ह्यू कधी आहे ते कळव.


पेणचा_पोऱ्या

काका, आधी मेन्स निघू दे 🙏 मामांना रविवारी जेवायला बोलावलंय.